काळा स्ट्यू, पांढरा स्ट्यू

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाबाहेर वारा जुळून आला तर भाजलेल्या धान्याचा वास येतो. त्यात कॉफी असते आणि किंचित करपलेला पावही. नवखा माणूस आसपास बेकरी शोधायला लागतो. बेकरी नसते. लिफी नदीच्या त्याच काठाला सेंट जेम्सेस गेट आहे आणि तिथे गिनेसची ब्रुअरी आहे. १७५९ सालच्या शेवटच्या दिवशी आर्थर गिनेसने ती बंद पडलेली जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली. कराराची मुदत ९,००० वर्षं. आपल्याकडे नव्व्याण्णव वर्षांचा करार झाला तरी लोक ‘दिलीच म्हणा कायमची’ असं म्हणतात, मग याला काय म्हणायचं? तो कागद आता ब्रुअरीच्याच जुन्या इमारतीतल्या संग्रहालयात, तळमजल्याच्या फरशीत काचेखाली ठेवला आहे. येणारेजाणारे त्याच्यावर उभे राहून फोटो काढतात.

मी तिथे गेलो तो बिअरपेक्षा स्ट्यूच्या नादाने. आयर्लंडमध्ये जिथे जाल तिथे पबच्या दाराशी खडूने लिहिलेल्या फळीवर ‘बीफ अँड गिनेस स्ट्यू’ असतोच. हा पदार्थ नीट समजून घ्यायचा, जमलं तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून शिकायचा, एवढाच हेतू होता. मग सुरुवात बिअरपासूनच करायला हवी होती.

गिनेसची बिअर, म्हणजे स्टाउट, काळी दिसते, पण ग्लास उजेडासमोर धरला की कडेला गडद माणकाचा रंग दिसतो. तो जवाचा. मोड न काढलेला जव सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. त्याच्या थोडं पुढे गेलं की हातात कोळसाच येतो. गंमत म्हणजे या बिअरचं मूळ आयर्लंडमधलं नाही. अठराव्या शतकात लंडनच्या हमालांमध्ये लोकप्रिय झालेली काळपट बिअर ती पोर्टर, आणि तिच्यातला कडक प्रकार तो स्टाउट. गिनेस आधी एल नावाची साधी बिअर बनवत असत. १७९९ साली त्यांनी एल बंद केली आणि सगळा भार पोर्टरवर टाकला. पुढे १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने फिरत्या पिंपात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, काळा होईपर्यंत भाजायचं पेटंट घेतलं आणि चिमूटभर काळ्या माल्टने अख्खं पिंप रंगवायची सोय झाली.

संख्याशास्त्र शिकलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून पुढे जातो. परीक्षेत रडवणारी ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ याच ब्रुअरीतली. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये इथे नोकरीला लागला. जवाच्या आणि हॉप्स या बिअरमधल्या कडू फुलांच्या मोजक्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती, म्हणून १९०८ सालचा निबंध त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला.

आता पबमधला स्ट्यू. डब्लिनमध्ये तो मी बऱ्याच ठिकाणी खाल्ला आणि बहुतेक ठिकाणी माझी निराशाच झाली. प्रवाशांची गर्दी असलेल्या भागात तो सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवतात, रस्सा तयार भुकटीने दाट करतात आणि गोडसर करून टाकतात. एका ठिकाणी तर उलटा प्रकार होता. बिअर इतकी आटवलेली की घशात काढा उतरावा. मांस मात्र सगळीकडे चांगलं. आयर्लंडमध्ये मांस वाईट मिळणं तसं अवघडच. हा देश माणसांपेक्षा गुरांचा जास्त आहे आणि हे अतिशयोक्तीने नाही, शिरगणतीने. इथली माणसं पन्नास लाखांच्या थोडी पुढे, गुरं साठ लाखांच्याही पुढे.

हे आकडे डोळ्यांना दिसतात ते ह्यूस्टनहून कॉर्कची गाडी पकडली की. अडीच तासांच्या प्रवासात खिडकीबाहेर गवत आणि गवतात गुरं, बाकी फारसं काही नाही. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे इथे हिवाळाही फार कडक नसतो आणि पाऊस बाराही महिने, त्यामुळे गवत जवळजवळ वर्षभर वाढतं. कुंपणं म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती किंवा काटेरी झुडपं. जुन्या आयर्लंडमध्ये माणसाची श्रीमंती त्याच्या गाईंवर मोजत आणि दंडसुद्धा गाईंत भरत. त्यांचं सगळ्यात गाजलेलं वीरकाव्य ‘तॉइन बो कूलन्ये’ हे एका बैलावरून झालेल्या स्वारीचं आहे. नवऱ्याच्या गोठ्यात एक पांढरा वळू जास्त आहे म्हणून कोनाख्तची राणी मेव्ह दुसऱ्या राज्यातला तपकिरी वळू आणायला फौज काढते. आणि एवढं गोधन असून हे लोक गोमांस फारसं खात नसत. गाय दुधासाठी होती. उन्हाळ्यात दही, लोणी, ताक, चीज, त्याला ते ‘पांढरं खाणं’ म्हणत. मांस डुकराचं, तेही खारवलेलं. म्हातारी गाय पडली तरच बीफ.

कॉर्कजवळ माझी भाची राहते. तिथल्याच एका औषध कंपनीत काम करते आणि गेल्या वर्षी तिने मिडलटन या गावी भाड्याने घर घेतलं. घरमालकीण शेजारीच राहते. साठी ओलांडलेली, शाळेत स्वयंपाक शिकवून निवृत्त झालेली बाई. मला स्ट्यू शिकायचाय हे भाचीने सांगितल्यावर बाईंनी शनिवार ठरवून टाकला. त्यांनी एकच विचारलं, “बीफ चालतं ना?” मला चालतं, भाचीला नाही. बाई म्हणाल्या, “मग दोन भांडी ठेवू.” या दोन भांड्यांनी माझा शनिवार सार्थकी लावला.

त्या आधी कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये खरेदी. हा छताखालचा बाजार १७८८ पासून चालू आहे. मध्ये १९८० साली आग लागली, तरी गाळे पुन्हा उभे राहिले. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दाराने आत गेलं की बिडाचं कारंजं लागतं आणि त्याच्या भोवती खाटकांच्या काचा. इथे कॉर्ककरांचे खास चोचले दिसतात. गुरामेंढराच्या रक्ताचं सॉसेज, म्हणजे ड्रिशीन. गुरांचं धुतलेलं पांढरं पोट. नाताळात लागणारं मसाल्यात मुरवलेलं बीफ. आणि ‘बटर्ड एग्ज’, म्हणजे कोंबडीखालून काढलेलं गरम अंडं लोण्याच्या हाताने चोळून बंद केलेलं. कवचाची छिद्रं बुजतात, अंडं टिकतं.

खाटकाने मला विचारलं, कशासाठी हवंय. स्ट्यू म्हटल्यावर त्याने समोरचा सुंदर लालभडक तुकडा बाजूला सारला आणि मागून नडगीचं मांस काढलं. पांढऱ्या शिरांनी भरलेलं, दिसायला गरीब. त्याचं म्हणणं असं की जो भाग जनावराने आयुष्यभर चालायला वापरला तोच स्ट्यूला घ्यायचा. आळशी भाग तव्यावरचा. आपल्याकडे गर्दन आणि पुढचा पाय मागणारे जुने मटणखाऊ हेच सांगतात. भाचीच्या भांड्यासाठी कोकराच्या मानेचे आणि खांद्याचे हाडासकट तुकडे घेतले.

स्टाउट घ्यायला बाहेर पडलो. कॉर्कमध्ये गिनेस मागणं म्हणजे पाहुण्याने घरच्या लोणच्यावरून शेजारच्या लोणच्याकडे हात नेण्यासारखं. या शहराच्या स्वतःच्या दोन स्टाउट आहेत, १७९२ ची बीमिश आणि १८५६ ची मर्फीज. बीमिशची शहरातली जुनी ब्रुअरी २००९ मध्ये बंद झाली आणि आता दोन्ही एकाच ठिकाणी बनतात, पण पिणाऱ्यांचे तट शाबूत आहेत. मर्फीज तिघांत सर्वांत कमी कडू, म्हणून बाईंनी तीच आणायला सांगितलेली. पिशवीत बाटल्या घेऊन आम्ही सेंट पॅट्रिक स्ट्रीटवरून निघालो तर समोर फादर थिओबाल्ड मॅथ्यूंचा पुतळा. १८३८ साली याच शहरातून त्यांनी दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि लाखो आयरिश माणसांना दारू सोडण्याची शपथ दिली. “मामा, पिशवी दुसऱ्या हातात घे,” भाची म्हणाली.

बाईंचं स्वयंपाकघर लहान, पण शेगडी मोठी, बिडाची, खाली भट्टी असलेली. खिडकीत एक बूडसपाट, जड बिडाचं भांडं होतं आणि त्यात जिरेनियम लावलेलं. ते त्यांच्या आजीचं बॅस्टिबल. पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या, विस्तवावर टांगायचं, झाकणावर निखारे ठेवायचे, म्हणजे वरून खालून धग लागते. पाव, केक, स्ट्यू, सगळं त्यातच होई. आजीने त्यात कधी स्टाउटचा स्ट्यू केला होता का, असं मी विचारलं. बाई हसल्या. आजीच्या घरात बीफ आलं तर रविवारी, आणि स्टाउट आली तर आजोबांच्या पोटात. भांड्यात ओतायला कुणाची छाती होती?

हा मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. आधी कृती.

एक किलो मांस. तुकडे चांगले मोठे, दीड इंचाचे, कारण शिजून ते आकसतात. बाईंनी ते कागदाने अगदी कोरडे पुसले, मीठ, मिरपूड लावली आणि दोन चमचे मैद्यात घोळले. मग जाड बुडाच्या भांड्यात तेल कडकडीत तापवून एका वेळी सहा-सात तुकडे. मी सगळे एकदम टाकायला गेलो तर हात धरला. भांड्यात गर्दी झाली की मांस पाणी सोडतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. तुकडा टाकल्यावर हलवायचाही नाही. तो स्वतःहून बूड सोडतो तेव्हाच उलटायचा. एका बाजूला अक्रोडाच्या सालीचा रंग आला पाहिजे. या कामाला चांगली वीस मिनिटं गेली आणि बाईंनी त्यात एका मिनिटाचीही सूट दिली नाही. स्ट्यूची निम्मी चव इथेच होते, बाकीची निम्मी नुसती वाट बघून.

तुकडे बाहेर काढून त्याच तेलात दोन मोठे कांदे, सेलरीचे दोन दांडे, मग चमचाभर टोमॅटो प्युरे. तीन गाजरं आणि एक पार्सनिप जाड जाड चिरून. पार्सनिप म्हणजे दिसायला पांढरं गाजर, पण चवीला जास्त गोड आणि थोडं उग्र. मग बाटली उघडून अर्धा लिटर स्टाउट. भांड्यातून तपकिरी फेस उसळून वर आला, खाली बसला, आणि बाईंनी लाकडी उलथन्याने बुडाला चिकटलेला सगळा खरपूस थर त्यात खरवडून घेतला. त्यांनी मला चमचा दिला. चव घेतली. भयंकर कडू. “तोंड वाकडं करू नका,” त्या म्हणाल्या, “अडीच तासांनी बोलू.”

कडवटपणाचं गणित त्यांनी शाळेतल्यासारखंच समजावलं. स्टाउटमधला कडूपणा दोन ठिकाणचा आहे, हॉप्सचा आणि भाजलेल्या जवाचा. तो शिजवून उडून जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतो. म्हणून नुसत्या बिअरमध्ये मांस कधी शिजवायचं नाही. जेवढी स्टाउट तेवढंच हाडांचं पाणी. वर कांदा, गाजर, पार्सनिप यांची गोडी, शिवाय बाईंनी चार-पाच वाळवलेले आलुबुखार टाकले. ते विरघळून जातात आणि कुणाला कळतही नाहीत. मीठसुद्धा कडूपणा झाकतं. डब्लिनच्या पबमधला काढा का झाला होता ते मला इथे उलगडलं. शेवटी थाइमच्या दोन काड्या, तमालपत्र, मूठभर पॉलिश केलेला जव, आणि झाकण लावून भांडं १५० अंशांच्या भट्टीत.

दुसरं भांडं पाच मिनिटांत लावून झालं. भाजणं नाही, परतणं नाही. तळाला कोकराचे तुकडे, वर कांद्याचे जाड काप, त्यावर बटाट्याचे. पुन्हा मांस, कांदा, बटाटा. मीठ, मिरी, थाइम, पार्सली आणि नुसतं पाणी, तेही वरचे बटाटे उघडे राहतील इतपतच. बटाटे दोन प्रकारचे होते. खालचे पिठूळ, जे शिजून विरघळतात आणि रस्सा दाट करतात. वरचे घट्ट, जे आकार सोडत नाहीत. हा मूळ आयरिश स्ट्यू. यात गाजर घालावं की नाही यावरून इथल्या घराघरांत जुने वाद आहेत. बाईंच्या मते गाजर चालतं, त्यांच्या दिवंगत यजमानांच्या मते तो अधर्म होता, त्यामुळे त्या अजूनही घालत नाहीत. “यात थोडी स्टाउट घातली तर?” मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. कोकराचं मांस नाजूक, त्याचा वास हाच त्याचा मसाला. काळ्या बिअरने तो दबतो.

दोन्ही भांडी शिजत होती तेवढ्यात भाची मला बेलिक पार्क दाखवायला घेऊन गेली. घरापासून चालत जाण्यासारखं. नदीकाठच्या गवतात पोलादाची नऊ पिसं गोलाकार उभी आहेत, प्रत्येक वीस फुटांच्या वर. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या उपकाराची आठवण म्हणून शिल्पकार अ‍ॅलेक्स पेंटेकने ती उभारली. १८४७ मध्ये, स्वतःच्या भूमीवरून हुसकावलं जाऊन पुरती दोन दशकंही झाली नव्हती तेव्हा, या लोकांनी पैसा पैसा गोळा करून आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांना पाठवला होता. आपल्याकडूनही, विशेषतः कलकत्त्यातून, त्या दुष्काळात मदत आली होती.

तो दुष्काळ बटाट्याचा. १८४५ साली करपा आला, पुढची काही वर्षं पीक कुजत राहिलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. गरिबाचं सगळं जेवण बटाट्यावर येऊन ठेपलं होतं, कारण थोड्याशा जमिनीत कुटुंबाचं पोट भरेल असं दुसरं पीक नव्हतं. उरलेली जमीन, गवत आणि गुरं मालकांची. त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरं बाहेर जात होती. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित आचारी अलेक्सी स्वाये १८४७ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला आला आणि त्याने सरकारी सूपघर उघडलं, तेव्हा त्याच्या पातळ सुपात नेमकं काय पोषण आहे यावर वर्तमानपत्रांत वाद झाले.

आणि या सगळ्याच्या फार आधीपासून कॉर्क हे खारवलेल्या गोमांसाचं मोठं बंदर होतं. १६६० च्या दशकात इंग्लंडने आयर्लंडची जिवंत गुरं आणण्यावर बंदी घातली. मग व्यापाऱ्यांनी गुरं इथेच कापून, जाड मिठात मुरवून, पिंपांतून पाठवायला सुरुवात केली. इंग्रजी आरमार, वेस्ट इंडीजचे उसाचे मळे, शत्रू असलेल्या फ्रेंचांचीसुद्धा जहाजं, सगळ्यांची पिंपं कॉर्कला भरत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लोण्याचंही तेच. शहरातल्या शँडन भागात लोण्याचा अवाढव्य बाजार होता. बीफ आणि लोणी जगाला, आणि ते पिकवणाऱ्याला बटाटा आणि ताक. सेंट पॅट्रिकच्या दिवशी खातात ते ‘कॉर्न्ड बीफ आणि कोबी’ हा खरं तर अमेरिकेला गेलेल्या आयरिश लोकांचा पदार्थ. तिकडे बीफ परवडलं, म्हणून खाल्लं. आयर्लंडमध्ये त्या जागी खारवलेलं डुकराचं मांस असे.

म्हणून आजीबद्दलचं बाईंचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. पबच्या फळीवर ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणारा स्टाउटचा काळा स्ट्यू त्यामानाने अलीकडचा आहे, सुस्थितीतला आहे. मांस, मैदा, भट्टी, वर ओतायला अर्धा लिटर बिअर, हे सगळं घरात असायला पोट आधी भरलेलं असावं लागतं. जुना आहे तो पांढरा, पाण्याचा. काळा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. शतकानुशतकं जहाजाने बाहेर गेलेलं मांस अखेर घरच्या ताटात आलं, हेच त्यात दिसतं, आणि त्यात मजाही आहे. नुसतं त्याला आजीचा स्ट्यू म्हणू नये.

परतलो तोवर बाईंनी सोडा ब्रेड करायला घेतला होता. ४५० ग्रॅम मैदा, एक चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ आणि साधारण ४०० मिलिलिटर ताक. यीस्ट नाही, फुगायला वेळ नाही. ताकातली आंबटाई आणि सोडा भेटले की काम सुरू होतं, म्हणून पीठ मळायचंच नाही, बोटं फिरवून गोळा करायचा आणि लगेच भट्टीत. आयर्लंडचा गहू नरम, यीस्टचा उंच पाव त्याचा नीट होत नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा आला आणि गरीब घरांतही रोज पाव होऊ लागला. वर सुरीने खोल फुली काढली, चार टोकांना टोचलं. घरातल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट म्हणून, असं बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. मधला भाग नीट भाजला जातो, हे खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं.

भट्टीतून काळं भांडं बाहेर आलं. झाकण उघडल्यावर कडूपणाचा मागमूस नव्हता. होता तो भाजलेल्या कांद्याचा, थोडा चॉकलेटकडे झुकणारा वास. मांस चमच्याने तुटत होतं, पण तुकडे मोडले नव्हते. खाटकाने दिलेल्या त्या पांढऱ्या शिरा कुठेच दिसेनात. ८०-९० अंशांवर तासन् तास राहिल्या की त्या जिलेटिन होतात आणि रस्स्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. खळखळून उकळलं असतं तर तंतू आवळून कोरडे पडले असते. भांड्यात मधूनच एखादा बुडबुडा दिसला तर आच बरोबर. सोबत बटाट्याचा लगदा, दूध आणि भरपूर लोणी घालून केलेला. स्ट्यूमध्येच बटाटे घालणारेही आहेत, पण बाईंना रस्सा टिपायला बटाटा वेगळा लागतो.

दारूचं काय, हा प्रश्न भाचीच्या एका मैत्रिणीने विचारला. ती नागपूरची, जेवायला आली होती. सगळी उडते ही समजूत चुकीची. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकाप्रमाणे अडीच तास मंद शिजवल्यावर मूळच्या अल्कोहोलपैकी पाच टक्क्यांच्या आसपास उरतं. अर्ध्या लिटर बिअरच्या हिशेबात ते नगण्य, पण पथ्य पाळणाऱ्याला सांगायलाच हवं. तिने पांढरा घेतला.

पांढऱ्या भांड्यातला रस्सा दुधाळ, वर कोकराच्या चरबीचे बारीक थेंब. पहिल्या घासाला माझ्या मसाल्याला सोकावलेल्या जिभेला तो सपक वाटला, हे कबूल. तिसऱ्या-चौथ्या घासापासून कांद्याची गोडी आणि हाडाची चव कळायला लागली आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चवीचा निकाल द्यायचाच तर त्या दिवशी पांढरा पुढे, दुसऱ्या दिवशी काळा. रात्रभर मुरल्यावर काळ्याची चव एकजीव होते. उरलेला बाई ‘पाय’ करायला ठेवतात. खोल बशीत स्ट्यू, वर पफ पेस्ट्रीचं झाकण.

जेवताना बाईंनी विचारलं, तुम्ही वराडकरांच्या बाजूचे का. इथे महाराष्ट्रातून आलोय म्हटलं की हा प्रश्न येतोच. आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मुंबईहून आलेले डॉक्टर, मूळ गाव मालवणजवळचं वराड. आम्ही देशावरचे, असं मी सांगितलं. बाईंना फरक कळला नाही, पण मालवणी मटणाची कृती त्यांनी वहीत लिहून घेतली.

घरी परत आल्यावर हे कसं करायचं, हे विचारणारे भेटतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळूच्या मांसावर बंदी आहे, म्हशीचं मांस कायद्याने चालतं आणि काळ्या स्ट्यूला ते चांगलं लागतं. भट्टीत अर्धा-पाऊण तास जास्त ठेवावं लागेल इतकंच. बोकडाचं मटण घ्यायचं तर गर्दन आणि पुढचा पाय, हाडासकट. पण स्टाउट निम्म्यावर आणा आणि बाकी पाणी हाडांचं घ्या, नाहीतर मटणाची चव हरवते. खरं तर बोकडाला पांढराच जास्त शोभतो. पार्सनिप मिळालं नाही तर एक गाजर आणि थोडं रताळं. बिअर पुण्या-मुंबईत क्राफ्ट ब्रुअऱ्यांची मिळते, फक्त कॉफी किंवा चॉकलेट घातलेली उचलू नका. बटाट्यांसाठी भाजीवाल्याशी बोलावं लागतं. सातगाव पठारचे किंवा तळेगावचे विचारा, आणि एक उकडून बघा, फुटून पिठूळ झाला तर तो तळाला, अख्खा राहिला तर वरच्या थराला. कुकर वापरायचाच असेल तर पाणी निम्मं घाला, कारण कुकरमध्ये काही आटत नाही, आणि शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं तरी ठेवा. रस्सा चमच्याच्या पाठीला धरायला लागला की उतरवा.